तिसरा पत्ता

गुणवंतने खोलीच्या दाराला आतून कडी घातली आणि खालच्या बंकवरची चादर ताणून सपाट केली. जुगाराचा नुसता संशय आला तरी दुबईतल्या सोनापूरच्या मजूर कॅम्पमधून माणसाची थेट विमानतळावर रवानगी व्हायची. इथे पैसे लावलेले नव्हते. पण ते ऐकून कोण घेणार?

चादरीच्या एका टोकाला महादू बसला, दुसऱ्या टोकाला समाधान. दोघं एकाच गँगमध्ये सळया बांधायचे. मे महिन्यातली सुट्टी दोघांपैकी एकालाच मिळणार होती. फोरमन रफिक सकाळीच येऊन सांगून गेला होता, "एक ही आदमी जाएगा. चार बजे तक नाम दो. नहीं तो दोनों का खलास."

महादूच्या बायकोचं, आशाचं, चिपळूणला गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. घरात सासूशिवाय कुणी नव्हतं आणि सासूला दिसत नव्हतं. समाधान दुबईला आला तेव्हा त्याच्या बायकोला सातवा महिना होता. पोरगा आता तीन वर्षांचा झाला होता. समाधानने त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं.

सकाळपासून दोघांचं एकमेकांना हे सगळं सांगून झालं होतं. आवाज चढवूनही झाले होते. महादू म्हणाला रमी खेळू, तर समाधान हसला. रमीत महादूचा हात कोण धरणार? चिठ्ठ्या टाकायच्या, तर त्या लिहिणाऱ्यावर आणि उचलणाऱ्यावर दोघांचाही भरवसा नव्हता.

"मग माझा खेळ खेळा," गुणवंत म्हणाला होता. तो साइटवर टाइमकीपर होता. त्याआधी सहा वर्षं काठमांडूच्या एका कॅसिनोत पत्ते वाटायचा. "ह्यात डोकं चालवायचंच नाही. पत्ता घ्यायचा की नाही, ते नियम ठरवतो. म्हणून हरणाऱ्याला कुणावर चिडता येत नाही."

आता तो पत्ते पिसत नियम सांगत होता. "एक्का म्हणजे एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे. दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळे शून्य. बेरीज दहा किंवा वर गेली तर दहा सोडून द्यायचे. पंधरा झाले, तर पाच. नवाच्या जवळ जो, तो जिंकला. महादू प्लेयर, समाधान बँक. दोघांना दोन-दोन पत्ते. प्लेयरला पाच किंवा कमी आले तर त्याला तिसरा घ्यावाच लागतो. बँकेनं तिसरा कधी घ्यायचा, ते प्लेयरच्या तिसऱ्यावर असतं. त्याचा तक्ता लांबलचक आहे. वेळ आली की मी सांगीन."

"सांग," समाधान म्हणाला. "एकच डाव. यल्ला, वाट चल."

महादूला राणी आणि पंजी आली. पाच. समाधानला सत्ती आणि नव्वी.

"सोळा. म्हणजे सहा," गुणवंत म्हणाला. "महादू, तुला तिसरा."

महादूने पत्ता उलटा केला. छक्की. पाच आणि सहा अकरा. त्याने बोटांवर पुन्हा मोजलं.

"एक," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

समाधानने डोळे मिटले. त्याच्या सहासमोर एक. त्याच्या तोंडून काहीतरी निघालं, ते हसू होतं की हुंदका, कळलं नाही. तो उठायला लागला.

गुणवंतचा हात गठ्ठ्यावर तसाच होता. पंखा फिरत होता. खोलीत तिघांपैकी एकालाच तो तक्ता पाठ होता.

"बस," तो म्हणाला. "समोरचा तिसरा पत्ता छक्की आहे. बँकेकडे सहा असताना समोर छक्की किंवा सत्ती आली, तर बँकेला पत्ता घ्यावा लागतो."

"पण मी जिंकलोय."

"घ्यावा लागतो."

समाधान खाली बसला. त्याने पत्ता ओढला, पण उलटा केला नाही. शेवटी गुणवंतनेच केला. चव्वी.

सहा आणि चार दहा. शून्य.

"खरंच असा नियम आहे?" समाधानने विचारलं.

"आईशप्पथ आहे."

समाधानने मान हलवली आणि कडी काढून बाहेर गेला. चार वाजायच्या आत त्यानेच रफिकला महादूचं नाव सांगितलं.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी महादू गुणवंतजवळ येऊन उभा राहिला. तो खूश दिसत नव्हता.

"नियम असेल रे. पण तू गप्प बसला असतास तर आम्हांला कुठं कळणार होतं?"

"गप्प बसलो असतो तर निकाल मी लावला असता."

"आता कुणी लावला?"

गुणवंतने नळ बंद केला.

जायच्या दिवशी महादूची बॅग व्हॅनपर्यंत समाधाननेच उचलून आणली. मधल्या दिवसांत दोघं कामापुरतं बोलले होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. महादूने समाधानचा हात धरला.

"आशाचं ऑपरेशन झालं की तुझ्या गावी जाऊन येतो. पोराला काय सांगू?"

समाधान विचार करत राहिला. त्याच्या तळहातांना गंजाचा लाल रंग लागलेला होता. त्याने ते पँटीला पुसले.

"सांगू नका काही, महादूदादा. त्याला एकदा उचलून घ्या, आणि केवढा जड लागतो ते मला फोनवर सांगा."