कठड्यावरची लव

"हात लावू नकोस गं, ओलं आहे!"

बायको जाऊन किती वर्षं झाली, तरी गोंदाचा वास सुटला की मास्तरांना हा आवाज ऐकू येई. लेक तेव्हा एवढीशी होती. खेळण्यातल्या हरणाच्या पाठीवर नुकती लव चढलेली असायची आणि तिचं बोट चोरपावलांनी पुढे सरकायचं. आई ओरडायची, आणि ओरडून झाल्यावर गुणगुणायची:

"उभी राहा गं लवे, जसं वाऱ्याआधी शेत,
बोट नको लावू बाळे, ओला आहे देठ."

त्या घरात लवेचाच धंदा होता. वस्तूला गोंद लावायचा, चिमट्याने अर्थिंगची तार जोडायची आणि विजेच्या भांड्यातून धाग्यांची बारीक पूड सोडायची. धागे हवेत तरंगत, क्षणभर विचारात पडत, आणि मग गोंदात सरळ उभे राहत. पत्र्याची मखमल होई. दागिन्यांच्या डब्या, व्हायोलिनच्या पेट्या, हरणं, ससे, सगळं या खोलीतून मऊ होऊन बाहेर पडे.

सध्या मात्र लेकीने राहत्या घरालाच मखमल चढवायला घेतली होती. आधी दिव्यांची बटणं. मग टेबलाच्या कडा. शेगडीच्या बटणाला लांब, दाट लव: तिथे बोट लागलं की जपायचं. पाण्याच्या नळाला आखूड.

पेट्या करणारा शेजारी दारातून हसला. "मास्तर, लेक तुम्हाला दागिना समजते की काय? घराचीच डबी करतेय!"

मास्तरही हसले. पण त्यांना दवाखान्यातला तो दिवस आठवला.

मोतीबिंदू काढल्यानंतरच्या शेवटच्या तपासणीला लेक सोबत आली होती. मास्तर बाहेर बाकावर बसले आणि डॉक्टरांनी तिला आत थांबवून घेतलं. बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता.

"काय म्हणाले गं?"

"काही नाही. थेंब चालू ठेवा म्हणाले."

तेव्हापासून तिचं परीक्षा घेणं सुरू झालं.

"बाबा, भांड्यावरचा काटा कितीवर आहे?"

"चाळीसवर. दिसतं मला."

"आणि चिमटा नीट बसलाय ना?"

"बसलाय गं बाई! सुईत दोरा ओवून दाखवू का?"

ती हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. मास्तर पुन्हा बरोबर सांगायचे, शाळेतल्या पोरासारखे छाती काढून. मग रात्री उशीवर पडून एकेक डोळा झाकून खिडकीकडे बघायचे. चंद्र दिसायचा. आणखी किती दिवस दिसेल, कोण जाणे. डोळे गेले की भांडं हातातून जाणार. भांडं गेलं की या हातांनी करायचं काय?

एकदा ती स्टुलाला अडखळली. मास्तर चरकले. आपणच वाटेत ठेवलं असणार, आणि आपल्याला दिसलंही नाही.

शेवटी जिन्याचा लोखंडी कठडा राहिला. संध्याकाळ पायऱ्यांवर उतरत होती. मास्तर दिवा लावायला उठले.

"राहू द्या बाबा. अंधाराची सवय झालेली बरी."

त्यांनी हात मागे घेतला. सवय. म्हणजे दिवस जवळ आले.

"पूड कुठली घेऊ? हिरवी की जांभळी?"

"कुठलीही. रंगाचं काय करायचंय?"

हे मात्र त्यांना लागलं. तरी त्यांनी भांडं धरलं. लव उडाली, धूसर उजेडात धुक्यासारखी तरंगली आणि कठडाभर उभी राहिली. तळापासून वरपर्यंत, कुणीतरी नुकतंच झोपेतून उठावं तशी. दोघं पायरीवर बसली. घर कसं गप्प, मऊ झालं होतं.

"आता खरं सांग," मास्तर म्हणाले. "मी काही लहान नाही. माझे डोळे जाणार ना?"

"छे! तुमची नजर घारीसारखी आहे म्हणाले डॉक्टर. शंभरीपर्यंत काम कराल."

"थापा मारू नकोस. मग तुला एवढा वेळ आत कशाला थांबवलं होतं?"

लेकीने त्यांच्याकडे तोंड वळवलं, अगदी जवळ आणलं.

"माझे डोळे तपासत होते, बाबा. आता समोरचा चेहरा तेवढा दिसतो, तोही पुसट."