‘बघतो’चं काय करायचं

‘बघतो’ या शब्दाचं काय करायचं, एवढाच प्रश्न आता उरला होता.

बाकी सगळं जोडून झालं होतं. पडद्यावर डावीकडे तिचं ॲप होतं, कोडची एक ओळही न लिहिता, तयार तुकडे ओढून-सोडून बनवलेलं. प्रयोगशाळेत काही बिघडलं की कोणीही त्यात तक्रार टाकायची आणि देखभाल विभागाने ‘झालं’, ‘होणार नाही’ किंवा ‘बघतो’ यांपैकी एक बटण दाबून उत्तर द्यायचं. उजवीकडे संस्थेचा टास्क मॅनेजर होता, म्हणजे सगळ्या कामांचा बोर्ड. संचालक रोज सकाळी चहाबरोबर तो उघडत, आणि दोन्हींची गाठ घालून द्यायचं काम त्यांनीच प्रयोगशाळेत करारावर असलेल्या तिच्यावर सोपवलं होतं. इकडे असं झालं, तर तिकडे तसं कर. एवढाच तो पूल. ‘झालं’ या उत्तरातून निघालेली रेघ तिने ‘पूर्ण’ला नेली होती. ‘होणार नाही’ची रेघ थेट संचालकांकडे जात होती. ‘बघतो’ची रेघ मात्र अजून लोंबकळत होती.

“ती पण पूर्णलाच जोडा,” देखभालीचे साहेब तिच्या खुर्चीमागून म्हणाले.

“काम झालेलं नसतं, साहेब.”

“उत्तर दिलेलं असतं ना? उत्तर दिलं म्हणजे दखल घेतली. दखल घेतली म्हणजे तक्रार मिटली.”

“माझ्या मुलीला अभ्यास झाला का विचारलं की ती ‘बघते’ म्हणते. त्यावर मी तिला शाबासकी देत नाही.”

साहेब हसले. ते कधी कोणाला नाही म्हणत नसत. पाठीमागे सगळे त्यांना बघतोसाहेब म्हणत.

शेजारच्या खोलीत मावशी काचेची भांडी आम्लाने धूत होत्या. वाफा ओढून घेण्यासाठी तिथे एक काचेचं कपाट होतं. त्याचा पंखा गुणगुणायचा, पण ओढायचा नाही. तिने कपाटाच्या तोंडाशी टिश्यूची एक पट्टी चिकटवून ठेवली होती. पंखा ओढत असला की पट्टी आत झुकते. मधल्या दारातून ती पट्टी दिसत होती, सरळ खाली लटकलेली. मावशी खोकल्या. थोडं थांबून परत खोकल्या.

साहेबांनी पुढे वाकून माउस हातात घेतला आणि लोंबकळती रेघ ‘पूर्ण’ला टेकवली. ‘आधीच्या उत्तरांनाही हाच नियम लावायचा का?’ पडद्याने विचारलं. साहेबांनी ‘हो’ दाबलं. उजवीकडच्या बोर्डवर ‘कपाटाचा पंखा ओढत नाही’ या ओळीपुढे हिरवी खूण उगवली. मग तिच्या खालच्या ओळीपुढे. बघता बघता सगळा बोर्ड हिरवागार झाला.

“बघा, डोळ्यांना किती गार वाटतं. उद्या तपासणीची मंडळी यायचीत.”

आतून पुन्हा खोकला आला.

“ऐकलंत?” तिने विचारलं.

“काय?”

“मिटलेली तक्रार.”

तिने माउस परत घेतला आणि रेघ खुडून टाकली. हिरव्या खुणा एकेक करून विझल्या.

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. “मॅडम, तुमचा करार वाढवायचा कागद सहीसाठी माझ्याच टेबलावर आहे. लक्षात आहे ना?”

“आहे. मी विचारलंही होतं. तुम्ही ‘बघतो’ म्हणालात.”

या वेळी साहेब हसले नाहीत.

तिने लोंबकळती रेघ पुन्हा पकडली आणि रिकाम्या जागी एक नवा चौकोन ठेवून त्याला जोडली. चौकोनात तिने लिहिलं: ‘बघतो’ म्हणणाऱ्याच्या नावावर नवं काम तयार कर. ‘झालं’ येईपर्यंत लाल ठेव.

“हे काय?”

“तुम्हीच म्हणालात, उत्तर म्हणजे दखल. ज्याने दखल घेतली त्याचं नाव लागलं, इतकंच.”

“काढा ते.”

“नाही काढणार.”

हा शब्द या खोलीत साहेबांच्या सवयीचा नव्हता. ते दाराकडे वळले. “मी संचालकांकडे चाललोय,” ते म्हणाले.

“जा ना. बोर्ड त्यांच्यासमोर उघडाच असेल.”

साहेब दार ओढून बाहेर पडले. पडद्याने तिलाही विचारलं, आधीच्या उत्तरांनाही हाच नियम लावायचा का? तिने कराराच्या कागदाचा विचार केला. मग मधल्या दारातून पट्टीकडे पाहिलं.

तिने ‘हो’ दाबलं.

बाहेर साहेबांच्या खिशात फोन टिंग वाजला. पावलं चालत राहिली. परत टिंग. परत. मग दोन टिंगांमध्ये श्वास घ्यायलाही जागा उरली नाही, आणि पावलं थांबली.

ओल्या हातमोज्यांनिशी मावशी दारात आल्या. “ताई, कोणाचा फोन एवढा ओरडतोय?”

“साहेबांचा. कामं आलीत त्यांना.”

मावशींनी दाराच्या काचेतून वाकून पाहिलं. व्हरांड्याच्या मधोमध साहेब मान खाली घालून उभे होते, हातातल्या फोनचा लाल उजेड चेहऱ्यावर घेऊन.

“मग असे खांबासारखे उभे का? करतायत काय?”

ती खुर्चीवरून उठलीही नाही.

“बघतायत.”