टिल्डी खारीची प्रार्थना

रात्री जेवायला बसताना माझ्या पाच वर्षांच्या नातीने, हॅडलीने, हात जुळवले, डोळे मिटले. आधी नुसते ओठ हलवले आणि मग मोठ्याने म्हणाली, "माझ्या आईला बरं कर."

"सुरुवातीला काय म्हणालीस गं?" मी विचारलं.

"काहीच नाही, पापॉ. तिथे नुसतं तोंड हलवायचं. टीव्हीवरची टिल्डी खार तसंच करते. एवढंही माहीत नाही तुला?"

माहीत होतं. खारीच्या त्या बाहुलीला आवाज माझाच होता. नॅशव्हिलला आमच्या चर्चच्या तळघरात आम्ही तो कार्यक्रम करायचो. मोठ्या वाहिनीने तो घेतला तेव्हा एक शब्द तेवढा काढायला लावला. आवाज पुसला, तोंड हलतंच राहिलं. करारावर सही करताना मला नाही म्हणता आलं नव्हतं.

"तिथे 'देवा' असं म्हणायचं असतं," मी म्हणालो.

"म्हणूनच! अगं बाई, त्याला कळलंच नसेल मी कोणाला सांगतेय!"

तिने पुन्हा हात जुळवले आणि तो शब्द तीनदा, घसा ताणून म्हटला.

तिची आई गेल्याचा फोन इस्पितळातून दुपारीच आला होता.