समुद्राची डिग्री

धरणेंद्रनं काचेची नळी पाण्यात सोडली आणि ती गळ्यापर्यंत बुडाली. त्यानं ती काढली, शर्टाच्या टोकाला पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

गावच्या दूध सोसायटीत डिग्री लावायची ही नळी. दुधात ती अशी बुडाली, की धरणेंद्र मान वर न करता म्हणायचा, "पाणी घातलंय. घेऊन जा." त्यात त्यानं सख्ख्या मामाचीही भीड ठेवली नव्हती. पण आज नळी दुधात नव्हती. घरच्या सोप्यात ठेवलेल्या काचेच्या पेटीत, मालवणहून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात होती.

"समुद्रात कुणी पाणी घातलं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

पेटीत नारळाएवढा, पोवळ्याचा एक जिवंत खडक होता आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा. खडकावर बारीक बारीक फुलं उमलायची. बघायला निम्मं गाव येऊन गेलं होतं. आता आठवडाभर ती फुलं मिटलेलीच होती आणि मासा तळाशी कुशीवर पडला होता. त्याचा कल्ला मधेच हलायचा, मग हलायचं विसरून जायचा.

धरणेंद्रनं कशात कसूर केली नव्हती. "पाण्याचा खारटपणा कमीजास्त होऊ देऊ नको, एवढं एक सांभाळ," मालवणच्या मित्रानं बजावलं होतं. म्हणून त्यानं काचेवर तांबडी रेघ मारली. वाफ होऊन पाणी रेघेखाली गेलं, की तेवढं गोडं पाणी घालायचं. सुरुवातीला तो रोज नळीही सोडून बघायचा. मग त्याला वाटलं, पाणी रेघेवरनं हलत नाही तोवर डिग्री कशाला हलतेय! पावसाळा लागल्यावर मात्र उलटंच व्हायला लागलं. रोज सकाळी पाणी रेघेच्या वर. खिडकीतनं झड येत असेल, असं म्हणून तो वरचं पाणी तांब्यानं उपसून टाकायचा आणि पाणी रेघेला टेकलं, की खुशाल सोसायटीत जायचा.

मागच्या दारानं त्याची आई, आक्काताई आली. तिच्या हातात लोटी होती.

मासा आला त्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. "जैनाच्या घरात मासा! बरं, आणलास तर आणलास. पर माझ्या घरात त्याचा जीव जाता कामा न्हाई." तेव्हापासून लेकापेक्षा तिलाच त्याचा घोर लागलेला. आत्ताही ती पेटीपाशी आली, वाकून माशाकडं बघितलं आणि रोजच्या सवयीनं लोटी पेटीत रिकामी केली.

"आई! काय घातलंस?"

"काय न्हाई रं. गाळल्यालं जीव."

त्या घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे. आणि गाळून झालं, की फडकं उलटं करून धुवायचं. त्यात अडकलेले न दिसणारे जीव ज्या विहिरीतले, त्याच विहिरीत परत सोडायचे. आक्काताईचा हा नेम लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

"हिरीच्या पायऱ्या शेवाळल्यात," ती म्हणाली. "माझा पाय ठरत न्हाई. मग आखाड लागल्यापासनं ह्यातच सोडती. सकाळ-संध्याकाळ. पाण्यातलं जीव पाण्यात ऱ्हातील, आन ह्या एकट्याला बी सोबत हुईल."

धरणेंद्रनं लोटीकडं बघितलं. मग तांबड्या रेघेकडं. मग कोपऱ्यातल्या आपल्या तांब्याकडं. आईनं गोडं पाणी घालायचं, लेकानं खारं काढून टाकायचं. माय-लेकांनी मिळून घरातला समुद्र बाहेर टाकला होता. आणि विहिरीतले ते जीव? ते तर खाऱ्या पाण्यात पडल्या पडल्याच मेले असणार.

तो उठला. मडक्यातलं खडेमीठ घमेल्यात विरघळवून थोडं थोडं पेटीत सोडत राहिला. नळी हळूहळू वर आली आणि बरोबर पहिल्या दिवशीच्या खुणेवर येऊन थांबली. दूध असतं तर आनंदानं घेतलं असतं. मासा मात्र कुशीवरच होता.

"समुद्राचं दुसरं पाणी न्हाई का आणता येणार?"

"घाट बंद हाय, आई. दरड कोसळलीया."

माधवनगरच्या मिलचा भोंगा झाला. ऊन भिंतीवरून उतरत होतं. दिवस मावळायच्या आत आक्काताईला जेवायला हवं होतं, पण जीव असा अडकलेला असताना तिला घास कसा जाणार! ती पेटीसमोर खाली बसली.

"कशानं रं असं झालं ह्याला?"

भर रांगेत भल्याभल्यांना सुनावलेले ते दोन शब्द धरणेंद्रच्या ओठावर आले. पाणी घातलंय. त्यानं आईच्या सुरकुतलेल्या, ओल्या हाताकडं बघितलं आणि ते शब्द तसेच गिळले.

"काय की," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं.

माशाचा कल्ला एकदा हलला. मग बराच वेळ हलला नाही. आक्काताईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. सासऱ्याच्या आणि पुढं नवऱ्याच्याही शेवटच्या घटकेला तिनंच कानाशी वाकून णमोकार मंत्र म्हटला होता. आत्ताही ती वाकली, तोंड काचेजवळ नेलं आणि थांबली. माशाला इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग शाळेतल्या पोरीसारखी ओशाळून तिनं मान वर केली.

"धरणेंद्रा, माशाला कान कुठं असतो रं?"