जड खाली, हलकं वर

कर्जतच्या भातगिरणीतला सायक्लोन म्हणजे पत्र्याचं पुरुषभर उंच नरसाळं. आत वारा गरगरतो. जड तूस खालच्या पोत्यात पडतं, हलकी धूळ धुराड्यातून वर जाते.

साफसफाईला आत उतरताना हिरामणने मोटरचा फ्यूज काढून बायकोच्या मुठीत दिला. "सोडू नको गं, नायतर माझाच भुसा व्हायचा!"

आणि भर दुपारी, फ्यूज नम्रताच्या मुठीत असताना, आत वारा गरगरू लागला.

"अहो, बाहेर या!"

"आलोच गं." आवाज पत्र्याला घासत गोल फिरला.

पोत्यात काहीतरी पडलं. तिने वाकून पाहिलं. त्याच्या चपला. मग किल्ल्या. मग घामाने ओला सदरा, सगळ्या गुंड्या लावलेला.

"अहो!"

"घाबरू नको गं. लई हलकं वाटतंय," हिरामण म्हणाला, धुराड्याच्या टोकावरून.