मागून येणारा टेम्पो

रात्रभर सायकली हाणत पहाटे समुद्र गाठायचा गावातल्या मंडळींचा बेत होता आणि मागे पडणाऱ्यांना सांभाळत सर्वांत शेवटी राहायची जबाबदारी मास्तरांनी घेतली होती. वाटेत शिंपीणकाकूंचं चाक पंक्चर झालं. पंक्चरचं सामान मास्तरांच्याच पिशवीत होतं, पण सूर्योदय हुकेल म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. "थांबा इथंच, मागून सामानाचा टेम्पो येतोय," म्हणत ते सटकले. टेम्पो केव्हाच पुढे गेला होता. किनाऱ्यावर सूर्य उगवला, पण मास्तरांचे डोळे रस्त्यावरच खिळले होते. दहा वाजता काकू सायकल ढकलत आल्या. टाचा सोलवटल्या होत्या. "टेम्पो आलाच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. सगळे टेम्पोवाल्यावर तुटून पडले. तो बावचळला. "अरे, त्याला बोलू नका. अंधारात मी दिसले नसेन," काकूंनी त्याचीच बाजू घेतली. मास्तर उठले. "काकू, टेम्पो मागे नव्हताच. मी खोटं बोललो."