मंगळवारची वेळ

"शर्वरी, वर्णन छान आहे. दहापैकी नऊ दे आणि मोकळी हो," तांबोळीसर म्हणाले. उद्यापासून डायलिसिस सेंटरचा एआय एजंट ते वर्णन वाचूनच रुग्णांच्या वेळा बदलायचं नवं सॉफ्टवेअर टूल वापरणार होता.

‘रुग्णाची वेळ बदलते.’ वर्णन शर्वरीनंच लिहिलेलं. नऊ टाकूनही तिला चैन पडेना. तिनं चाचणीला नकली रुग्ण घातला, पटकन सुचलं ते बाबांचं नाव देऊन, आणि एजंटकडे मंगळवारऐवजी बुधवार मागितला.

एजंटनं टूल चालवलं. मंगळवार सुटला, लगेच प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या रुग्णाला गेला. बुधवारी जागाच नव्हती.

"अरे, आधी रिकामी जागा बघायची असते! सगळ्यांना माहीत आहे," सर वैतागले.

"आपल्याला माहीत आहे, सर. त्याला कुणी सांगितलं?"

तिनं नऊ पुसून शून्य टाकलं. पडद्यावर बाबांच्या नावापुढची ओळ तशीच होती: ‘या आठवड्यात डायलिसिस नाही.’